अंक एकदाचा प्रेसला गेला!

आज कॉलेजच्या वार्षिकांकाची फायनल फाइल घेऊन लोअर परळला प्रेसमध्ये गेले आणि प्रेसवाल्या काकांनी दोन मिनिटांत हवाच काढली. पानं किती? म्हटलं ४६. हसले. "पिन मारायचीय ना, मग चारच्या पटीत पाहिजेत, ४४ कर नाहीतर ४८." मग तिथेच स्टुलावर बसून लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन पानं वाढवली, जागा नाही म्हणून कापलेली एका ज्युनियरची चित्रं परत आली, ते एक बरंच झालं.

मागच्या वर्षी मला डिझाइन म्हणजे सात फॉन्ट आणि मागे ग्रेडियंट एवढंच वाटायचं (तो अंक कोणी शोधून काढू नका प्लीज). या वेळी सगळा मजकूर मुक्ता फॉन्टमध्ये, आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा, वर फुकट. पण इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसायच्या, दोन रात्री डोकं खाजवल्यावर कळलं की त्यातला कंपोझर, म्हणजे ओळी जुळवणारी सेटिंग, वर्ल्ड-रेडी करायचा असतो. बास, एवढंच!

आणि हो, तीन मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून पानाबाहेर वाढवलेली छपाई) ठेवलं होतं, पण बारीक मजकुराचा काळा रंग चार शाया एकावर एक छापून होणारा निघाला, त्या जरा सरकल्या की काय होतं ते काकांनी भिंग देऊन जुन्या कुठल्यातरी छपाईत दाखवलं, अक्षराच्या कडेला गुलाबी सावली. मग नुसत्या काळ्या शाईत करून दिलं.

येताना ट्रेनमध्ये समोरच्या मावशींच्या पेपरातल्या दोन कॉलममधली मोकळी जागाच बघत बसले, त्यांना वाटलं फुकट बातम्या वाचतेय, अंधेरीला उतरताना पेपरच हातात दिला 😂