कवडशाची वाट पाहताना : माझ्या पहिल्या लघुपटाचा अनुभव

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आत्या आजही चुलीवर भाकरी करते. काचेच्या कौलातून येणारा उन्हाचा कवडसा काठवटीवर पडलेला असताना ती भाकरी थापते आहे, एवढ्याच दृश्याचा नऊ मिनिटांचा लघुपट करायचे मी ठरवले. साधन म्हणून हाती मोबाईल आणि एक तिपाई एवढेच होते.

डिसेंबरात सकाळी साडेआठला तो कवडसा मागच्या भिंतीवर पडत असे. दिवस मोठा होऊ लागला तसा तो दर रविवारी थोडा खाली सरकत गेला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस काठवटीत उतरला. रोजंदारीवर माणसे आणि यंत्रे आणणाऱ्या निर्मात्याला अडीच महिने उन्हासाठी थांबता आले नसते. मला आले, आणि हौशी माणसाचे खरे स्वातंत्र्य मला यातच दिसते. 1912 मध्ये दादासाहेब फाळक्यांनीही कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून आपला पहिला लघुपट केला होता, याची त्या रविवारी वारंवार आठवण होई.

तांत्रिक अडचणी आल्याच. ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावर काळसर पट्टे सरकत. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची असल्याने शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड आत घेण्याचा वेळ, 1/50 सेकंदावर ठेवल्यावर ते थांबले, तरी शेवटी मी ट्यूबच बंद केली. आत्या कवडशात वाकली की मोबाईल आपणहून उजेड कमी-जास्त करी, म्हणून पडद्यावर बोट दाबून धरून उजेड आणि फोकस दोन्ही कुलूपबंद केले. आवाजासाठी दुसरा मोबाईल काठवटीमागे ठेवला. त्यात थापण्याच्या आवाजाबरोबर बांगड्यांची किणकिण इतकी सुरेख आली की पार्श्वसंगीताचा विचारच मी सोडून दिला.

एका स्पर्धेची मर्यादा पाच मिनिटांची होती. जाणकार मित्राने तिसरी भाकरी कापायला सुचवले, कारण ती कडेला फाटली होती. आत्याने मात्र पाण्याचे बोट फिरवून ती फट ज्या सहजतेने सांधली होती, ते मला काढून टाकवेना. मी प्रवेशिका पाठवली नाही.

मे महिन्यात माजघराच्या भिंतीवर चादर लावून लघुपट दाखवला. तिसरी भाकरी आली तेव्हा आत्या पुढे सरकून म्हणाली, "अरे, माझी आई अशीच सांधायची. परत लाव बघू."