हंगामाचा सण आणि २९ नोव्हेंबर

आमच्या घरात ‘मंडळी’ या शब्दाला दोन अर्थ होते. आजीने “मंडळी आली का?” असे विचारले की पंक्तीला बसायची माणसे समजायची आणि आजोबांनी “मंडळीत ठरले आहे” असे म्हटले की चर्च समजायचे. चर्चच्या इमारतीला आम्ही देऊळ म्हणत असू; मंडळी म्हणजे माणसे, हा फरक नगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात लहान मुलांनाही ठाऊक होता. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही बोलावून एकत्र जमवलेले लोक असाच आहे, हे मला फार पुढे कळले. चर्चचे उद्दिष्ट काय आणि त्याची श्रद्धा कोणती, हे मी मोठेपणी छापील स्वरूपात पुष्कळदा वाचले. परंतु त्यातले बहुतेक मला आधीच समजलेले होते, आणि ते समजले होते वर्षातून एकदा येणाऱ्या दोन दिवसांमुळे. त्यातला एक हंगामाचा सण आणि दुसरा २९ नोव्हेंबर.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि मेथडिस्टांची एक शाखा यांच्याबरोबर ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ ही सहावी मंडळी त्यात होती, आणि आमचे देऊळ तिच्यातले होते. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या आणि १८३१ मध्ये नगरला ठाणे केलेल्या अमेरिकन मराठी मिशनचा वारसा आमच्याकडे चालत आला होता. त्या परंपरेत बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांवर देखरेख करणारे वरिष्ठ धर्माधिकारी, नव्हते. गावच्या मंडळीचा कारभार गावच्या मंडळीने वार्षिक सभेत हात वर करून ठरवायचा, अशी रीत होती, आणि आजोबा पंच असल्यामुळे त्यांना तिचा अभिमान होता. एकीकरणानंतर आपल्यावर बिशप येणार, ही गोष्ट त्यांना बरेच दिवस बोचत राहिली. मी तेव्हा सात वर्षांचा होतो; ओसरीवर रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या त्या चर्चेतले मला एवढेच आठवते की पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय उघडत आणि शिष्यांनी एक व्हावे म्हणून येशूने वधस्तंभाच्या आदल्या रात्री केलेली प्रार्थना वाचत. प्रभूने जे मागितले त्याला आपल्या गावाने नाही म्हणायचे का, असा त्यांचा प्रश्न असे. आजोबांनी अखेरीस होकारासाठी हात वर केला, आणि एकदा हात वर केल्यावर त्यांनी पुन्हा कधी कुरकूर केली नाही.

तो १९७० चा दिवस रविवार होता, आणि ख्रिस्तजन्माच्या आधीच्या चार आगमन-रविवारांपैकी पहिला. पुढच्या वर्षापासून आमच्याकडे त्या तारखेला विशेष उपासना होऊ लागली. भिंतीवर ‘ऐक्य, साक्ष, सेवा’ हे चर्चचे ब्रीद रंगीत कागदाची अक्षरे कापून चिकटवलेले असे. शब्बाथशाळेच्या, म्हणजे रविवारच्या धर्मवर्गाच्या, मुलांना प्रेषितांच्या मतांगीकारातील, म्हणजे श्रद्धेच्या जुन्या कबुलीतील, एकेक वाक्य वाटून दिले जाई आणि ते आम्ही ओळीत उभे राहून म्हणत असू. देव पिता, आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता, हे पहिले वाक्य नेहमी सर्वांत लहान मुलीला मिळे, कारण तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नसला तरी ते वाक्य सर्वांना पाठ होते. येशू ख्रिस्ताचा जन्म, दुःखसहन, मरण आणि तिसऱ्या दिवशीचे पुनरुत्थान ही वाक्ये मोठ्या मुलांकडे जात. माझ्या वाट्याला दरवर्षी शेवटाकडचे ‘पापांची क्षमा’ येई. दोनच शब्द, म्हणून मी खट्टू होत असे.

या उपासनेत प्रभुभोजनही असे, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस वाटून घेणे. आदल्या संध्याकाळी आजी पितळेच्या पातेल्यात काळ्या मनुका भिजत घाली, रात्री त्या उकळून मलमलच्या फडक्यातून गाळी आणि तो गडद रस थंड झाल्यावर दोन बाटल्यांत भरून पाळकसाहेबांकडे पोहोचवी. गाळताना ती बोलत नसे. आम्हालाही स्वयंपाकघरात त्या वेळी मोठ्याने बोलण्याची परवानगी नव्हती. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे चर्चचे दोन संस्कार आहेत, असे प्रश्नोत्तरीत आम्ही घोकले होते खरे, पण त्यातल्या दुसऱ्याचा मान मी त्या फडक्याकडे पाहून शिकलो. पहिल्याच्या बाबतीत एकीकरणाने जे केले त्याचे मला अजूनही फार कौतुक वाटते. काही मंडळ्या तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत, तर काही मंडळ्यांत मोठेपणी स्वतः विश्वास कबूल केल्याशिवाय तो दिला जात नसे, आणि दोन्ही बाजूंना आपली रीत शास्त्राला धरून आहे अशी खात्री होती. नव्या चर्चने दोन्ही रीती मान्य केल्या. इतक्या जुन्या मतभेदावर कोणालाही हरवल्याशिवाय तोडगा निघू शकतो, ही गोष्ट लहान नव्हे.

हंगामाचा सण मात्र या सर्वांहून जुना आणि अधिक गजबजलेला. बाजरीची खळी उरकली की एखादा रविवार ठरे आणि प्रत्येक घरातून पहिल्या उत्पन्नाचा भाग देवळात येई. वेदीपुढच्या टेबलावर बाजरीची कणसे, मुगाच्या शेंगा, भोपळे, गावरान अंडी आणि पाय बांधलेल्या कोंबड्या असा सारा मळाच अवतरे. पेटी, तबला आणि टाळ यांवर टिळकांची व कृष्णराव सांगळे यांची गीते म्हटली जात. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अनेक वर्षे नगरला राहून ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत आणले, त्यामुळे आमच्या आजीच्या पिढीला आपली श्रद्धा परक्या चालीवर गावी लागली नाही. येशूला मानणाऱ्या पण बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसांनाही सामावून घेणारा ‘देवाचा दरबार’ त्यांनी १९१७ मध्ये मांडला. चर्चच्या दृष्टिकोनाबद्दल आज आपण जे बोलतो, त्याच्या कितीतरी पुढे ते तेव्हाच पोहोचले होते. उपासनेनंतर अंगणात लिलाव होई. एकच भोपळा विकत घ्यायचा, परत मंडळीला द्यायचा आणि पुन्हा लिलावात चढायचा, असे तीन-तीनदा घडे. त्या पैशांतून पाळकांचे मानधन, बत्तीचे रॉकेल आणि एखाद्या अडलेल्या घराची मदत भागे, आणि वार्षिक सभेत त्यातल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मोठ्याने वाचला जाई. त्यानंतर प्रीतिभोजनाची पंक्त बसे.

१९७२ साली टेबल जवळजवळ रिकामे होते. पाऊस पडलाच नव्हता. गावातली निम्मी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती आणि घरोघरी रेशनचा तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, शिजत होता. सण करू नये, असे पंचांपैकी काहींचे मत पडले. आजोबांनी तो झालाच पाहिजे असे सांगितले. त्या रविवारी कोणी मूठभर मिलो आणला, कोणी कडब्याची वाळलेली पेंढी आणली, आणि कामावरून परस्पर आलेल्या एका बाईने ओच्यातून फोडलेल्या खडीचा एक तुकडा काढून पांढऱ्या कापडावर ठेवला. तो दगड कोणी उचलला नाही. पाळकसाहेबांनी हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट वाचला: अंजीर फुलले नाही, शेतात अन्न पिकले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. मग ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ ही प्रभूची प्रार्थना झाली. मराठी शास्त्रात तिथे ‘भाकर’ हाच शब्द आहे, आणि त्या दिवशी त्या शब्दापाशी अनेकांचा आवाज अडकलेला मी ऐकला. लिलाव झाला नाही. मिलो एकत्र शिजवून ज्या घरी चूल पेटली नव्हती त्यांना आधी वाढला, आणि त्यांत मंडळीबाहेरचीही घरे होती.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पीक भरघोस आले. त्या सणाला आमच्या मंडळीतले दोन सख्खे भाऊ, ज्यांच्यात बांधाच्या हातभर जागेवरून वर्षभर अबोला होता, आपापल्या टोपल्या घेऊन वेगवेगळ्या दारांनी आत आले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला भाग त्या दिवशी वाचनासाठी होता: आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे वेदीजवळ आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर. पाळकसाहेबांनी तो वाचला आणि त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. गीत सुरू झाले. दुसऱ्या कडव्याला धाकटा भाऊ उठला, मधल्या वाटेने मागे चालत गेला आणि थोरल्याच्या बाकाशी जाऊन उभा राहिला. काय बोलणे झाले ते पेटीच्या आवाजात ऐकू आले नाही. थोरल्याने बाजूला सरकून त्याला जागा दिली एवढे दिसले. त्या २९ नोव्हेंबरला माझे दोन शब्द म्हणताना मी प्रथमच त्या बाकाकडे पाहिले, आणि वाक्य लहान आहे अशी तक्रार पुन्हा केली नाही.

२०२० मध्ये एकीकरणाला पन्नास वर्षे पूर्ण झाली, आणि तारीख पुन्हा रविवारीच आली. महामारीमुळे बंद असलेली राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, उघडली होती. मी पुण्याहून गावी गेलो. एका बाकावर दोनच माणसे, तोंडावर मास्क, पंक्त नाही, लिलाव नाही. मुलांना ओळीत उभे करता येत नव्हते, म्हणून प्रत्येकाने आपले वाक्य आपल्या जागेवरूनच म्हटले. ‘पापांची क्षमा’ डाव्या बाजूच्या खिडकीजवळून ऐकू आली.