होय, पगार मिळतो

लग्नाच्या पंगतीत आलू-वांग्याची भाजी वाढता वाढता मामा विचारतात, "मंग सध्या काय करून राहिली?" मी सांगते, एका सामाजिक संस्थेत आहे, गावांमध्ये काम करते. ते मान हलवतात. "ते तं झालं समाजसेवेचं. पण नोकरी?"

हल्ली हाच प्रश्न दुसऱ्या तोंडांतून येतो. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, शेवटच्या वर्षाची पोरं विचारतात, हिंजवडीला कंटाळून नागपूरला परतलेले इंजिनिअर विचारतात. एकदा तर एका पोरीच्या आईचाच फोन आला: "ताई, या लाइनमध्ये करिअर होतं का हो?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी हसून टाळत नाही.

होतं. पगारही मिळतो. 2013 साली माझा पहिला पगार 9,500 रुपये होता. त्यातले 1,500 रामटेकच्या खोलीच्या भाड्यात जायचे. सोबतच्या मैत्रिणी तेव्हा पुण्यात 25,000 वर लागल्या होत्या आणि दिवाळीला घरी आल्या की माझं बिल त्याच भरायच्या. आज मनीषनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं घेऊन राहते, गाडीचा हप्ता फिटला, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला कुणाकडे हात पसरावा लागला नाही. मैत्रिणी माझ्या खूप पुढे आहेत, ते वेगळं. ते अंतर भरून निघेल असं मी कुणाला सांगत नाही.

"समाजसेवा" या शब्दावर मात्र माझा राग आहे. तो उच्चारला की पगाराचा आकडा विचारणं पाप ठरतं. मुलाखतीत समोरचा म्हणतो, "आम्ही तळमळ बघतो." बघू द्या. तुम्ही विचारा: पगार किती, पीएफ कापता का, नेमणूक पत्र कोणत्या तारखेला, प्रकल्प किती महिन्यांचा आणि तो संपल्यावर काय. यावर कुणाचा चेहरा पडला तर पिशवी उचलावी, कोपऱ्यावर तर्री-पोहे खावेत आणि घरी यावं.

नागपूरला हे काम नवं नाही. कमलाताई होस्पेटांनी वेणूताई नेन्यांच्या सोबतीनं 1921 साली इथे मातृसेवा संघ उभा केला, त्याआधी त्या नर्सिंग शिकल्या होत्या. बाळंतपण करता येत होतं, म्हणून प्रसूतिगृह काढता आलं. आमच्याकडे येणाऱ्या पोरांना मी हे सांगते, तेव्हा त्यांना वाटतं ताई जुन्या गोष्टी काढून राहिली. माझा मुद्दा एवढाच असतो की बाबा, तुला काय येतं? सातबारा वाचता येतो? टॅलीत व्हाउचर टाकता येतं? ग्रामसभेचा ठराव लिहिता येतो? "लोकांसाठी काहीतरी करायचंय" हे मलाही वाटत होतं, आणि त्याच भरात मी एका अख्ख्या गावाचं वर्ष वाया घालवलं.

ते असं झालं. देवलापारच्या पुढे, जबलपूर रस्ता सोडून आत, एका आदिवासी गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा तयार करायचं काम माझ्याकडे होतं. 2006 च्या वनहक्क कायद्याखालचा, म्हणजे आजवर वापरत आलेल्या जंगलावर अख्ख्या गावाचा मिळून हक्क मागायचा. बाहेरून सोपं वाटतं. प्रत्यक्षात ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात, आणि मी पहिली सभा ठेवली ती मोहफुलांच्या दिवसांत, सकाळी दहाला. त्या वेळी गाव जंगलात असतं. सतरंजीवर मी, पोलीस पाटील आणि एक कुत्रं. दुसऱ्या वेळी रात्री आठला ठेवली, तेव्हा माणसं आली.

नकाशाचीही तीच गत. मी लॅपटॉपवरून मोठा कागद छापून नेला होता, उत्तर वर. कुणाला काही उमगेना. शेवटी एका म्हाताऱ्यानं तो कागद जमिनीवर टाकला आणि डोंगर जिकडे होता तिकडे फिरवला. मग सगळे वाकले. गड्यांनी चुन्यानं हद्द मांडली, देवाची जागा, बांबू, तेंदू. मागून एक बाई उठली, चुलीतली मूठभर राख घेऊन आली आणि नाल्याच्या पलीकडे एक लांब रेघ ओढली. "जळण इकून आणतो आमी. हे कोण मांडन?" गडी मुकाट्यानं सरकले. त्या रेघेमुळे दाव्याची हद्द बदलली.

चार महिन्यांनी फाइल पुरी झाली. वडीलधाऱ्यांचे जबाब, निस्तार हक्काची, म्हणजे गावानं जंगल वापरायच्या जुन्या हक्काची नक्कल, नकाशा, ठराव, सह्या आणि अंगठे. मी ती स्वतः तालुक्याच्या कार्यालयात घेऊन गेले. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, "छान काम करता तुम्ही लोक" म्हणाले. मी फाइल टेबलावर ठेवली आणि उड्या मारत परत आले. पोच घेतली नाही. चहा पिऊन झाल्यावर सही-शिक्का मागणं मला उद्धटपणाचं वाटलं.

सात महिन्यांनी विचारायला गेले. साहेब बदलून गेले होते. आवक नोंदवहीत आमच्या गावाचं नावच नव्हतं. बाबूनं दोनदा पानं उलटली, खरंच उलटली, आणि म्हणाला, "मॅडम, आलंच नाही." भांडायला माझ्याकडे एक चिठोरंही नव्हतं. अर्ध्या कागदांच्या झेरॉक्स तेवढ्या होत्या, त्याही पुसट.

गावात जाऊन हे सांगायला मी दोन दिवस लावले. तोच म्हातारा ऐकून घेत होता. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बाई, आमी तेंदूच्या फळीवर 70 पानांचा पुडा देतो, तं मुन्शीची कार्डावर सही घेतो. तुमी येवढी फाइल देली अन् सही नाही घेतली?"

माझ्या दोन वर्षांच्या एमएसडब्ल्यूत पोच नावाचा धडा नव्हता. पुन्हा ग्रामसभा, पुन्हा अंगठे, त्यातले दोन जबाब देणारे तोवर वारले होते.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाबद्दल तुम्ही वाचलं असेल. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येक भाषणात हे येतं. भाषणात कमी येतं ते हे, की गावातले देवाजी तोफा आणि गावकरी, सोबत कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल, कायदा यायच्या कितीतरी आधीपासून अभ्यासगटात बसत होते. एकमत होईस्तोवर बसायचे. अशा बैठकांचा अहवाल देणगीदाराला द्यायच्या तिमाही तक्त्यात भरता येत नाही.

आणि तुमचा पगार त्या तक्त्यावर ठरतो. 1 एप्रिल 2014 पासून कंपनी कायद्यातलं कलम 135 लागू झालं: 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा नफा, यातलं काहीही एक असलेल्या कंपनीनं सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चायचे. आमच्या पोरांना त्यातून नोकऱ्या मिळाल्या, हे खरंच आहे. पण कायदाच कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या म्हणतो. मग बुटीबोरी-हिंगण्याच्या शाळेला तिसऱ्यांदा रंग लागतो आणि पेंचच्या काठावरच्या गावाला "पुढच्या वर्षी बघू". मुदत बहुधा बारा महिन्यांची. बारा महिन्यांत रंग वाळतो, वनहक्काचा दावा नाही.

2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली आणि एका संस्थेनं तो पैसा दुसरीला देणं बंद झालं. मी तेव्हा ज्या लहान संस्थेत होते तिला एका मोठ्या संस्थेमार्फत पैसा यायचा. तीन महिने पगार नाही. भांडून उपयोग नव्हता, तिजोरीतच काही नव्हतं. मी शिकवण्या घेतल्या, आठवी-नववीचं बीजगणित. म्हणून सांगते, सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडल्याशिवाय घरच्यांपुढे ताठ मानेनं बोलू नका. वडिलांचं पेन्शन असलेल्यांना हे क्षेत्र सोपं जातं, आणि ही गोष्ट आमच्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

त्याहून वाईट एक गोष्ट आहे. शहरातून आलेल्या माझ्यासारखीला "प्रोग्रॅम मॅनेजर" म्हणतात आणि पगार देतात. गावातली जी मुलगी रात्री आठची सभा भरवते, बायांना घराबाहेर काढते, तिला "स्वयंसेविका" म्हणतात आणि मानधन देतात. आमच्याकडे अशी एक आहे, बारावीपर्यंत शिकलेली, गोंडी, मराठी, हिंदी तिन्ही सफाईनं बोलणारी. तीन वर्षं 3,000 रुपयांवर होती. वार्षिक बैठकीत मी बजेट वाचत होते, तिनं मधेच विचारलं, "ताई, तुमचं किती हाय?" कागदावर होतंच, तरी माझी जीभ अडकली. सांगितला आकडा. ती काही बोलली नाही, वहीत लिहून घेतला.

पुढच्या प्रस्तावात आम्ही तिला पगारावर धरलं. देणगीदारानं ती ओळ कापली, मग प्रवास आणि प्रशिक्षणाच्या ओळींतून काढून भरली. अजून माझ्या निम्म्यावरही नाही. त्याचं काय उत्तर द्यायचं, ते माझ्याकडे नाही.

आता कार्यालयांचं काम तीच बघते. गेल्या महिन्यात व्हॉट्सअॅपवर तिचा फोटो आला. पाणंद रस्त्याचा अर्ज, खाली निळा शिक्का, तारीख. मी लिहिलं, आवक क्रमांक उमटला नाही, परत जा आणि पेनानं लिहून घे.

तिचं उत्तर आलं, "घेतला ना ताई. दुसरा फोटो पाहा."