आमची वाटचाल : दांडिया बाजार ते मकरपुरा

क्रिंपिंग टूल आणि केबल टेस्टर एवढ्यावर बडोद्याच्या दांडिया बाजारात सुरू झालेलं नेटवर्क जोडणीचं काम मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांपर्यंत गेलं. मधली वर्षं सुरळीत गेली. एका गिऱ्हाइकावर इंटरनेटवरून हल्ला झाला, त्या तीन दिवसांत मात्र सगळं हातचं जायची वेळ आली होती.

पंपांचे सुटे भाग बनवणारं आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांचं ऑर्डरचं पोर्टल उघडेना. सर्व्हर निवांत, पण नेटस्टॅटमध्ये (चालू जोडण्या दाखवणारी आज्ञा) 'सिन-रिसीव्ह्ड'च्या, म्हणजे अर्धवट जोडण्यांच्या, ओळीच ओळी. सिन फ्लड, म्हणजे जोडणीच्या मागण्यांचा पूर! खोट्या पत्त्यावरून जोडणी मागायची, सर्व्हर उत्तर देऊन शेवटच्या पोचेची वाट बघत बसतो. अर्धवट जोडण्यांची रांग भरली की खरा माणूस बाहेर. यावरचा सर्व्हरमधलाच उपाय म्हणजे सिन कुकीज; कुणीतरी त्या शून्यावर (बंद) ठेवल्या होत्या, त्या एकवर (चालू) आणल्या. मग रांग भरली तरी सर्व्हर जोडणीची खूण उत्तराच्या क्रमांकातच घालून पाठवतो, साठवत काही नाही. पोर्टल उघडलं.

दुसऱ्या दिवशी इंटरनेटची लाईनच तुंबली. टीसीपीडम्पमध्ये (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) पोर्ट 53 वरून आलेले, कुणी न मागितलेले डीएनएस (वेबसाईटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) जबाब. डीएनएस सर्व्हरला आमच्या पत्त्याच्या नावाने साठेक बाइटचा प्रश्न विचारायचा, तीन हजार बाइटचं उत्तर आमच्या माथी. लाईन 100 एमबीपीएसची. फायरवॉलने पॅकेट टाकून दिलं तरी तोवर ते लाईन अडवून आलेलंच असतं. हे वरच, लाईन देणाऱ्याकडे अडवावं लागतं. तिथून उत्तर काय, तर "राऊटर बदला". अखेर त्यांनी पत्ता ब्लॅकहोल केला, म्हणजे त्या पत्त्याकडे येणारं सगळंच वर टाकून दिलं; पूर थांबला, पोर्टलही गेलं.

त्याच आठवड्यात एक स्पर्धक "त्यांचा फायरवॉल हलका" असं सांगत फिरला. दोन कारखाने गेले. लाखाचा फायरवॉल असता तरी भरलेल्या लाईनपुढे त्याचं काही चाललं नसतं, हे आजही कुणालाही दाखवून देऊ. पंपवाले जुने शेठ मात्र म्हणाले, "ऑर्डरी फोनवर घेतो, तुम्ही काम करा."

तिसऱ्या दिवशी पोर्टल स्क्रबिंग सेवेमागे (हल्ल्याची पॅकेटं गाळून खरीच पुढे पाठवणारी सेवा) नेलं, सर्व्हरचा पत्ता बदलला आणि नव्या पत्त्यावर फक्त त्या सेवेलाच वाट दिली. जुना पत्ता ठेवला तर हल्ला सेवेला वळसा घालून थेट येतो. मेल सर्व्हरही वेगळ्या पत्त्यावर हलवा, एमएक्स नोंदीतून (मेल कुठे पाठवायचा हे सांगणारी डीएनएस नोंद) तो उघडा पडतो.

कॅमेरे बसवणाऱ्यांनो, डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी) मूळ पासवर्ड बदला. 2016 मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने असेच पासवर्ड वापरून अशी उपकरणं ताब्यात घेतली आणि असे पूर सोडणारी फौज उभी केली. हल्ला झाला तर सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) सहा तासांत कळवायचं, लॉग 180 दिवस ठेवायचे. आणि लाईनच्या करारात ब्लॅकहोलसाठी रात्री उचलला जाणारा फोन नंबर लिहून घेतल्याशिवाय आम्ही गिऱ्हाइकाला सही करू देत नाही.