तुम्ही विचारलंत म्हणून: "प्लास्टिक सर्जरी का नाही करत?"

लग्नात, पूजेला, कळव्याच्या फलाटावर, आठ वर्षं हेच. "प्लास्टिक सर्जरी करून टाका हो, मुलीची जात आहे." दिवाळीची पहाट, कढत पाण्याची बादली, माझी चार वर्षांची पोर, भाजलेला हात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुन्हा सांगत नाही.

सर्जरी झालीये. दोनदा. पहिल्यांदा तिच्याच मांडीची पातळ कातडी काढून कोपरावर लावली. "आईची का नाही लावली?" असंही विचारता. दुसऱ्याची कातडी अंग काही आठवड्यांत टाकून देतं. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे, तिथे दान झालेली कातडीही जखम झाकायला, जीव वाचवायला वापरतात. कायमची टिकते ती स्वतःचीच. आणि सर्जरीने डाग पुसला जात नाही. एकाच्या जागी जरा बरा डाग येतो, वर मांडीवर नवा.

खरं काम नंतर सुरू होतं. प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा, दिवसाचे 23 तास. रात्री कोपर सरळ ठेवणारा स्प्लिंट. फिजिओच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "ज्या स्थितीत तिला बरं वाटेल, त्याच स्थितीत हात आखडेल."

मला पाठ होतं ते.

मे महिना होता. बायको रात्रपाळीला. लावलेल्या कातडीला घाम येत नाही, खाज मात्र थांबत नाही. पोर स्प्लिंटसकट हात पलंगाच्या कडेला घासत होती. "बाबा, थोडाच वेळ." मी पट्टे काढले. वेल्क्रोचा तो चर्र आवाज अजून कानात आहे. तिने कोपर दुमडलं, हात गालाखाली घेतला आणि दोन मिनिटांत झोपली. दिवाळीनंतर तिला असं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या रात्रीही काढला. बायको यायच्या आधी पहाटे परत बांधायचो. तिला कळू दिलं नाही. अशा 19 रात्री.

विसाव्या पहाटे स्प्लिंट बसेना. कोपर आणि प्लास्टिकमध्ये दोन बोटं फट. मी दाबलं. ती किंचाळली, कोपराच्या घडीत कातडी चिरली आणि रक्ताची बारीक रेघ आली.

दुसरं ऑपरेशन त्याचं. आखडलेली कातडी कापून मोकळी केली, तिथे पुन्हा कातडी लावली. या वेळी दुसऱ्या मांडीची.

डॉक्टर म्हणाले, मूल वाढतं, व्रण तेवढा वाढत नाही, कदाचित हे कधीतरी करावंच लागलं असतं. त्या "कदाचित"ला मी अनेक रात्री धरून बसलोय. मग वाटतं, नाही, फिजिओच्या बाईंनी सांगितलं होतं. मग वाटतं, सांगायला काय जातं, रात्री तिथे मी होतो. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त पुढचं वर्षभर रात्रपाळी घेतली नाही.

आता पोर बारा वर्षांची आहे. लेझरने व्रण थोडा मऊ होतो, रंग थोडा उतरतो, ते आम्ही विचारून आलोय. ती म्हणते, परीक्षा झाल्यावर बघू. ते ती ठरवेल, "मुलीची जात" म्हणणारे नाहीत.

तिचा हात आज जवळजवळ सरळ होतो. पण ती पुन्हा तशी रात्री रडली, तर माझा हात त्या पट्ट्याकडे जाणार नाही, अशी शपथ मला घेता येत नाही.