टोपलीत काय आलं ते बघू, मग ठरवू

शेतावर राहायला आलो त्याला आता सहा वर्षं झाली आणि भेटणारा जवळपास प्रत्येक माणूस अजूनही एकच वाक्य म्हणतो, "मज्जा आहे बुवा तुमची, पाहिजे ते तोडायचं आणि शिजवायचं!" पाहिजे ते!! हे ऐकलं की मला हसूच येतं. अहो पाहिजे ते बाजारात मिळतं, शेतावर जे आहे ते मिळतं, आणि जे आहे ते बहुतेक वेळा एकाच भाजीचं अकरा किलो असतं.

पहिल्या वर्षी मी पण तशीच होते. रात्री रेसिपी ठरवायची, सकाळी टोपली घेऊन बाहेर जायचं आणि मग कळायचं की कोथिंबिरीला तुरे आलेत, टोमॅटो अजून हिरवेच आहेत आणि जी भाजी रेसिपीत कुठेच नाही ती मात्र वाफ्याबाहेर सांडायला लागलीय. दोनतीन महिने चिडचिड करून झाली आणि मग आपोआपच उलटं सुरू झालं, आधी टोपली, मग ओट्यावर सगळं पसरायचं, त्यात सगळ्यात आधी काय मान टाकणार ते बघायचं आणि त्याचा नंबर पहिला. पालक आणि मुळ्याचा पाला आजच, घेवडा उद्या चालेल, कोबी आठवडाभर थांबेल, भोपळ्याकडे तर बघायचीच गरज नाही. आज काय खावंसं वाटतंय हा प्रश्न घरात आता कोणी विचारतच नाही.

ताजं म्हणजे चांगलं हे पण सरसकट खरं नाही बरं का. मक्याचं आणि मटारचं खरं आहे, तिथे तर तासांचा हिशोब असतो. कणीस तोडलं तरी ते जिवंतच असतं आणि त्यातली साखर स्टार्चमध्ये बदलत राहते, गरम हवेत साध्या जातीच्या गोड मक्याची निम्म्याच्या आसपास गोडी एका दिवसात जाऊ शकते. म्हणून आमच्याकडे आधी गॅसवर पाणी ठेवायचं आणि मग कणसं तोडायला पळायचं. पाहुण्यांना हा नाटकीपणा वाटतो, पण तेच कणीस सकाळी तोडून संध्याकाळी उकडलं तर फरक लहान पोराला पण कळतो.

भोपळ्याचं बरोब्बर उलटं. लाल भोपळा वेलीवरून काढल्या काढल्या चिरला की पाणचट लागतो. देठ ठेवून काढायचा (देठ तुटलं की तिथूनच सडायला सुरुवात, त्यामुळे देठाला धरून उचलणाऱ्याला आमच्याकडे शिव्या पडतात), दहा-बारा दिवस उबदार कोरड्या जागी साल टणक होऊ द्यायची आणि मग महिनाभर तरी विसरून जायचं. मक्यात साखरेचा स्टार्च होतो, इथे स्टार्चची साखर होते. म्हणजे एकाच शेतातल्या दोन भाज्या, एकीसाठी पळायचं आणि एकीसमोर हाताची घडी घालून बसायचं.

अंड्यांची तर वेगळीच गंमत. सकाळचं अंडं दुपारी उकडलं तर सालाबरोबर अर्धं पांढरं निघून येतं. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय! पण ताज्या अंड्याच्या पांढऱ्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) कमी असतो, जसजसे दिवस जातात तसा आतला कार्बन डायऑक्साइड सालातून बाहेर जातो, पीएच वाढतो आणि मग ते आतल्या पडद्याला इतकं घट्ट चिकटत नाही. त्यामुळे आता उकडायला आठ-दहा दिवसांची अंडी आणि पोच करायला (म्हणजे फोडून थेट गरम पाण्यात सोडून शिजवायला) आजची, कारण आजचं अंडं पाण्यात पसरत नाही, गोळा धरून राहतं. ट्रेवर पेन्सिलीने तारीख टाकायची सवय यातूनच लागली.

आणि बटाटे आणि टोमॅटो फ्रीजमध्ये नाहीत म्हणजे नाहीत. थंडीत बटाट्यात साखर तयार होते, तळले की काळपट पडतात. टोमॅटोचा वास मरतो, नुसतं लाल पाणी उरतं. इतकी मेहनत करून पिकवायचं आणि बाजारासारखी चव आणायची हे मला बघवत नाही. बटाटे अंधारात ठेवायचे, कांदे हवेशीर जागी, पण दोघांना शेजारी ठेवायचं नाही.

आता जरा वाईट गोष्टी, कारण ऑरगॅनिक शेतीबद्दल बोलताना लोक फारच गुलाबी बोलतात.

तिसऱ्या वर्षी आम्ही झुकिनीचं (दिसायला काकडीसारखी, पण भोपळ्याच्याच जातीची) घरचं बी धरलं. मोठं अभिमानाचं काम. पुढच्या वर्षी वेल जोरात, फळं सुंदर, भाजी केली आणि पहिल्याच घासाला तोंड असं कडू झालं की मी थुंकून टाकलं. नवरा म्हणाला थोडं तिखट-मीठ वाढव, जाईल कडूपणा. मी सगळं पातेलं कंपोस्टमध्ये ओतलं, त्यावरून दोन दिवस अबोला. नंतर शोधलं तेव्हा कळलं की शेजारच्या कुंपणावर शोभेचे छोटे भोपळे होते आणि मधमाश्यांनी परागकण इकडचे तिकडे केले होते. त्या वर्षीच्या फळात काही दिसत नाही, गोची बियांत होते आणि पुढच्या पिढीत बाहेर येते. तो कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्याचा, शिजवून जात नाही, मसाल्याने झाकला जात नाही आणि खरंच विषारी असतो. 2015 मध्ये जर्मनीत घरच्या बागेतली अशी कडू झुकिनी खाऊन एक वयस्कर माणूस दगावला होता. तेव्हापासून नियम एकच, झुकिनी असो, काकडी असो, दुधी असो, चिरताना टोकाचा एक तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर वाद नाही, फेकायचं. नवऱ्याला ती बातमी वाचून दाखवल्यावर अबोला संपला.

दुसरा घोळ पूर्णपणे माझा. घरचा राजमा पहिल्यांदा भरपूर झाला आणि मी हौसेने थोडा भिजवून रात्रभर स्लो कुकरमध्ये लावला, मंद आचेवर, छान मुरेल म्हणून. मुरला नाही पण आम्ही सगळे आडवे झालो. राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं जे खळखळ उकळीशिवाय मरत नाही, आणि अर्धवट गरम झालेला राजमा तर कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देतो म्हणे, आमच्या पोटाने ते कबूल केलं. आता किमान पाच तास भिजवणे, ते पाणी ओतून देणे, नव्या पाण्यात अर्धा तास दणदणीत उकळी, मग काय ते मंद करा.

बाकी घरच्या कडधान्याची मजा औरच आहे हे पण सांगते. यंदाचं वाळवलेलं बी आणि दुकानात किती वर्षं पडलंय माहीत नाही असं बी यांच्या शिजण्यात प्रचंड फरक, यंदाचं लोण्यासारखं होतं. गरम दमट जागी वर्षभर राहिलेलं मात्र कुकरच्या शिट्यांवर शिट्या झाल्या तरी दाताखाली कचकचतं. आणि टोमॅटो नेहमी शेवटी, आंबट आधी पडलं की दाणा हट्टाला पेटतो. साठवायच्या आधी नीट वाळवून चार-पाच दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवते, भुंग्याची अंडी तिथेच मरतात. औषध मारायचं नाही म्हटल्यावर काहीतरी करावंच लागतं ना.

औषधावरून आठवलं. फवारणी नाही म्हणजे धुवायची गरज नाही असं समजून गाजर मातीतून उपटून तसंच चावणारे पाहुणे बघितले की माझा जीव वरखाली होतो. अहो, रसायन नाही म्हणजे शेणखत आहे! कच्च्या शेणखतातले जंतू काही ऑरगॅनिक आहेत म्हणून प्रेमळ नसतात. अमेरिकेच्या सेंद्रिय प्रमाणपत्राच्या नियमात कच्चं खत घातल्यापासून काढणीपर्यंत 120 दिवस जाऊ द्यायचे असं आहे, मातीला टेकणाऱ्या पिकासाठी, आणि न टेकणाऱ्यासाठी 90. आम्ही प्रमाणपत्र वगैरे घेतलेलं नाही पण हा नियम पाळतो, आणि भाजीच्या वाफ्यात शक्यतो गरम होऊन शांत झालेलं कंपोस्टच घालतो. तरी धुवायचं म्हणजे धुवायचं. कोबी-फ्लॉवर तर मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवायचा, मग हिरव्या अळ्या एकेक करून बाहेर तरंगतात. पहिल्यांदा बघून माझ्या बहिणीने जेवायचंच नाकारलं होतं. मावा (पानांना चिकटून बसणारी बारीक कीड) मात्र असा निघत नाही, पानं सुटी करून नळाखाली धरावी लागतात. स्वयंपाकाचा वेळ विचाराल तर शिजवायला वीस मिनिटं आणि निवडायला-धुवायला तासभर!

खरी परीक्षा मात्र सगळं एकदम येतं तेव्हा. टोमॅटो सुरू झाले की तीन आठवडे घरात दुसरा विषय नसतो. सॉस, सूप, सुकवलेले काप, परत सॉस. इथे एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. बरण्यांमध्ये काहीही भरून उकळत्या पाण्यात ठेवलं की टिकतं हा समज धोकादायक आहे. बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूचे बीजाणू 100 अंशांना मरत नाहीत, आणि बंद बरणीत हवा नसते, ते त्यांना आवडतंच. पीएच 4.6 च्या वर असलेल्या कुठल्याही भाजीला, म्हणजे घेवडा, मका, गाजर, बीट, प्रेशर कॅनर लागतो, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवायचं मोठं भांडं, 116 ते 121 अंशांपर्यंत जाणारं. टोमॅटो नेमका त्या सीमेवर बसलेला आहे, काही जाती वर जातात, म्हणून लिटरच्या बरणीला दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस. बाटलीतलाच, कारण ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो (हो, झाडाला लिंबं लटकलेली असताना मी बाटली विकत आणते, हसा). आणि किती वेळ उकळायचं ते कॅनिंगच्या तपासलेल्या तक्त्यात बघायचं, अंदाजपंचे नाही. तेलात बुडवलेला कच्चा लसूण महिनोन्‌महिने ओट्यावर ठेवणं हे पण त्याच यादीत, दिसायला सुंदर असतो पण नको.

माझ्याकडे कॅनर नाही. म्हणून घेवडा तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, कोरडा करून फ्रीजरमध्ये. ही तीन मिनिटं वाचवली की आतली एन्झाइम्स काम चालूच ठेवतात आणि दोन महिन्यांनी गवतासारखी चव येते. मी वाचवून बघितली आहेत. कोबीला वजनाच्या 2 टक्के मीठ, किलोला 20 ग्रॅम, चोळून चोळून पाणी सुटलं की त्याच पाण्याखाली दाबून आंबवायचा. हे मला सगळ्यात आवडतं, वीज नाही, गॅस नाही, जे काय करायचं ते बॅक्टेरिया करतात. फक्त वजनकाटा वापरा, मी एकदा मुठीने मीठ घातलं आणि तो कोबी शेवटी सूपमध्ये मिठाऐवजी वापरून संपवला.

आणि हे स्वयंपूर्ण वगैरे. लोक फार मोठ्याने म्हणतात, मला लाजच वाटते. मीठ, तेल, साखर, चहा, मोहरी सोडून बाकीचे मसाले, सगळं आम्ही विकत आणतो. तेलबिया लावल्या होत्या, पण घाण्यापर्यंत नेऊन जेवढं तेल निघालं त्यात महिनाही गेला नाही. वर्षातून एकदा तर असे तीन-चार आठवडे येतात की साठवणीतलं सगळं संपत आलेलं असतं आणि नवीन अजून दोन पानांवर असतं. वाफे हिरवे दिसतात पण खायला काही नाही. पहिल्या वर्षी या दिवसांत मी गुपचूप भाजी विकत आणली आणि पिशवी मागच्या दाराने आत घेतली, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून!

आता त्या दिवसांचा स्वयंपाक मला थोडा थोडा जमतो. कोंब आलेल्या कांद्याला टाकून न देता कुंडीत खोचायचं, पात मिळते. बीला सोडलेल्या कोबीला वर कोवळे तुरे येतात, फुलायच्या आत खुडले तर लसणावर परतून फार छान लागतात, खरं तर कोबीपेक्षा छान. बटाट्याचे छोटे डोळे खोल कोरून काढायचे, पण हिरवा किंवा फार कोंबाळलेला असेल तर सरळ कंपोस्ट. शेवटचा भोपळा, मूठभर राजमा, आंबवलेल्या कोबीचं उरलेलं पाणी, यातून जे सूप होतं ते मी भरल्या मोसमात कधीच केलं नसतं.

या रिकाम्या आठवड्यांमुळेच ओट्याच्या वर एक वही टांगली. आधी काय पेरायचं ते नवरा ठरवायचा, बियांच्या पाकिटावरची चित्रं बघून. आता स्वयंपाक करताना जे कमी पडतं, उरतं, सडतं ते त्याच क्षणी वहीत जातं आणि पेरणीच्या आधी आम्ही दोघं वही घेऊन बसतो. कांदे कधी संपले, फ्रीजरच्या तळाशी कुठली पिशवी दुसऱ्या वर्षीही तशीच आहे, मुलांनी बीट किती वेळा खाल्लं (शून्य), कोबी तीन हप्त्यांत लावायचा की एकदम वीस डोकी तयार होणार नाहीत. पहिल्या वर्षी आमच्याकडे झुकिनीचे बारा वेल होते. या वर्षीच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय, "झुकिनी 2, विकतचं बी", आणि त्याच्याखाली दोनदा अधोरेखित करून, "तिसरा लावलास तर एकट्याने खायचा."