तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये का नाही?

टॉपकॅट या टेबलं बघायच्या प्रोग्राममध्ये ताऱ्यांच्या टेबलातल्या एका ओळीवर क्लिक केलं आणि शेजारी उघडलेल्या अलादिन या आकाशाचे फोटो दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तोच तारा समोर आला, की कोणीतरी हमखास विचारतंच, सर, एवढं जमतंय तर दोन्ही मिळून एकच मोठं सॉफ्टवेअर का नाही केलं?

अहो, करणार कोण? टॉपकॅट ब्रिस्टलचं, अलादिन स्ट्रासबर्गचं, फोटो बघायचंच डीएस९ अमेरिकेतल्या स्मिथसोनियनचं, आणि आपल्या पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने पर्सिस्टंट या सॉफ्टवेअर कंपनीबरोबर केलेलं, आलेख काढायचं व्हीओप्लॉट आणखी वेगळं. प्रत्येकाचा कोड वेगळा, पैसे देणारे वेगळे. मग निदान एकमेकांना निरोप तरी धाडता यावेत म्हणून आधी प्लास्टिक नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे निरोप धाडायच्या ठरलेल्या नियमांचा संच, निघाला, तो जरा जावा या प्रोग्रामिंग भाषेकडे झुकलेला होता, आणि त्या अनुभवातून सॅम्प हा नवा प्रोटोकॉल आला, ज्याला २००९ मध्ये आयव्हीओएने, म्हणजे खगोलशास्त्राच्या डेटाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळींनी मान्यता दिली.

मला सॅम्प आवडतो तो करणाऱ्यांनी कशाकशाला नकार दिला त्यासाठी. डेटाचे प्रकार फक्त तीन, स्ट्रिंग (अक्षरांची ओळ), लिस्ट (यादी) आणि मॅप (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या), बस्स. आकडासुद्धा स्ट्रिंग म्हणूनच जातो. प्रोग्रामर लोक यावर नाक मुरडतात, पण जावा, पायथन, सी, पर्ल सगळ्यांचे आकड्यांचे नियम वेगळे, त्या भांडणात पडायचंच नाही असं ठरवलं की निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. (स्ट्रिंग मात्र साध्या आस्कीतलीच, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि खुणा यांचीच हवी, देवनागरी थेट पाठवता येत नाही, हे मला खटकतं.)

फोटो किंवा टेबल निरोपात कोंबत नाहीत, फक्त त्याची यूआरएल पाठवतात, ज्याला हवं तो जाऊन उचलेल. आणि 'आकाशात इकडे बघ' या निरोपात असतात फक्त दोन कोऑर्डिनेट, मग झूम करायचं, खूण करायची की काहीच करायचं नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे, कारण समोरच्याकडून फार काही मागितलंच नाही म्हणून इतक्या लोकांनी आपल्या जुन्या प्रोग्राममध्ये हे घालायची तयारी दाखवली.

मध्ये एक हब असतो, म्हणजे निरोपांची ने-आण करणारा टपालवाला प्रोग्राम. तो निरोपाचा प्रकार बघतो आणि ज्यांनी तो प्रकार मागून ठेवलाय त्यांना पोचवतो, आतला मजकूर त्याला कळायची गरजच नाही, त्यामुळे दोन प्रोग्रामवाल्यांनी आपसात नवा प्रकार ठरवला तरी हबला हात लावावा लागत नाही. हबचा पत्ता आणि गुप्त कोड तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट-सॅम्प नावाच्या फाइलमध्ये असतो, ती वाचता आली की झालं.

ब्राउझरला ती फाइल वाचता येत नाही, म्हणून सॅम्पच्या २०१२ च्या १.३ आवृत्तीत वेब प्रोफाइल, म्हणजे वेबपेजला हबशी जोडायची वेगळी सोय, आलं. एखादं वेबपेज जोडायला आलं की हब आधी तुम्हाला विचारतो, येऊ देऊ का? पोरं ती खिडकी न वाचताच नो दाबतात आणि मग म्हणतात, सर, चालत नाहीये.